नानांची दुसरी घंटा

देवरे नाना फोन कधीच आधी ठेवत नाहीत. आमच्या सरकारी कचेरीत ते टेलिफोन ऑपरेटर होते आणि मी आवक-जावक बघणारी कारकून. माझा स्वभाव पहिल्यापासून घाईचा. "बरं, ठेवते हो," म्हणेपर्यंत माझा रिसीव्हर जागेवर आपटलेला असायचा. आणि पलीकडे नाना अजून कान लावून बसलेले. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो नाना, बोलणं संपलं की ठेवून द्यावा माणसाने!" तर म्हणाले, "शोभाताई, संपलं हे तुम्ही ठरवलंत. पलीकडच्याला विचारलंत का? माणूस 'ठेवतो' म्हटल्यावरच खरं बोलतो."

त्यांचं खरंच होतं म्हणा. एकदा वणीकडच्या एका गृहस्थाने साहेबांसाठी फोन केला. साहेब दौऱ्यावर गेलेत म्हटल्यावर "बरं बरं, ठेवतो," म्हणाले आणि ठेवायच्या आत बायकोला सांगू लागले, "साहेब आतच बसलाय, हा मेला खोटं बोलतोय." नानांनी अदबीने उत्तर दिलं, "नाही हो काका, खरंच दौऱ्यावर आहेत. सोमवारी या." सोमवारी तो माणूस पेढे घेऊन आला आणि आधी नानांच्या टेबलापाशी गेला.

नाना जन्मापासून आंधळे. 'दृष्टिहीन' वगैरे म्हटलेलं त्यांना आवडत नाही. "आंधळा म्हणा, लवकर कळतं लोकांना," म्हणतात. मूळचे सटाण्याकडचे. नाशकात सगळी नोकरी झाली, भाषा अगदी शहरी झाली, पण रंगात आले की 'आहे'चं 'शे' होतं. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते सांगायचे. मला एकदा दारातच म्हणाले, "शोभाताई, डाव्या चपलेचा अंगठा शिवून घ्या, आज तुटणार." दुपारी तुटला. भर रविवार कारंजाच्या चौकात मी एक चप्पल हातात घेऊन उभी, आणि राग कोणाचा आला? नानांचा! आवाजाबद्दल त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "डोळे फसतात म्हणे. मला माहीत नाही. आवाज खरा शे."

आणि अशा माणसाला वेड कसलं असावं? सिनेमाचं. त्यातही 'खंडेराव कंडक्टर'चं. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खंडेराव म्हणजे एसटीचा कंडक्टर, खाकी कपडे, हातात तिकिटांना भोकं पाडायचा चिमटा. गाडीत चढणाऱ्या बदमाशांना तो एकेक करून धरायचा. "सुट्टे आणि खरं, दोन्ही तयार ठेवा!" हे त्याचं वाक्य तेव्हा गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा म्हणायची. तीन भाग आले. तिन्ही आम्ही नानांबरोबर पाहिले, म्हणजे मी पाहिले आणि त्यांच्या कानात सांगितले. "आता हसला. आता बाईने पदर सावरला. आता मागच्या सीटवरचा टोपीवाला उठला." मागची माणसं शुक शुक करायची. एकदा एकाने माझ्या पाठीत शेंगांची पुडी मारली. मी उभी राहून त्याची अशी काही हजेरी घेतली, की पुढचे दोन प्रसंग नानांना सांगायचे राहूनच गेले.

तिसऱ्या भागात खंडेराव मरतो. निदान सगळा महाराष्ट्र तसं समजतो. घाटात गाडीचे ब्रेक जातात, ड्रायव्हर बेशुद्ध पडतो. खंडेराव एकेका प्रवाशाला खाली ढकलतो, आणि शेवटी त्याला घेऊन गाडी मागे मागे घसरत धुक्यात नाहीशी होते. पडदा काळा. संगीत नाही, काही नाही. टॉकीजमध्ये नुसती मुसमुस. मीही रडत होते, पण रडतानाही घड्याळ बघत होते. द्वारका चौकातून माझी नाशिकरोडची बस होती. मी म्हटलं, "गेला हो नाना. संपलं. उठा." आणि त्यांचा हात धरून ओढला. ते उठेनात. "थांबा, लाईन चालू आहे," म्हणाले. मी ओढत राहिले. खुर्च्या फटाफट मिटत होत्या, लोक दाराकडे लोटत होते. तेवढ्यात नाना ओरडले, "वाजली! दोनदा वाजली!"

एसटीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कंडक्टरने दोरी ओढून एक घंटा दिली तर थांबा, दोन दिल्या तर चला. नानांचं म्हणणं, काळ्या पडद्यावर आधी एक आणि मग दुसरी, अशा दोन घंटा वाजल्या. म्हणजे गाडी निघाली. म्हणजे खंडेराव जिवंत. दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांनी मला घेरलं. "तुम्ही तर शेजारी होतात. वाजल्या का घंटा?" मी म्हटलं, "मला नाही बाई ऐकू आल्या. नानांना भास झाला असेल." पुढे तो सिनेमा टीव्हीवर लागायचा तो गाडी धुक्यात गेली की कापलेला. कॅसेटही तशीच. पुरावा म्हणजे मी एकटी, आणि माझी साक्ष विरुद्ध. तीसएक वर्षं नाना एकटे सांगत राहिले आणि लोक हसत राहिले. मला मात्र ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. मग मोबाईल आले. द्वारकेला अविनाशचं औषधाचं दुकान आहे. तो खंडेरावाचा मोठा भक्त, त्याने 'खंडेराव प्रेमी, नाशिक' असा ग्रुप काढला आणि आम्हाला त्यात घातलं. नानांच्या फोनमध्ये एक बाई बोलते, ती आलेलं सगळं त्यांना वाचून दाखवते. गेल्या वर्षी एका सकाळी बातमी आली, खंडेराव परत येतोय, चौथा भाग! काय सांगू! अविनाशने दुकानासमोर फटाक्यांची माळ लावली. एकाने कपाटातून वडिलांची खाकी पँट काढून घातली, ती कमरेत बसेना, तरी फोटो टाकला. दुपारपर्यंत भांडणंही सुरू झाली. मेलेला माणूस परत कसा आणणार? दुसऱ्याच कोणाला खंडेराव करणार की काय? अविनाशने लिहिलं, "आमच्या भावनांचा बाजार मांडू नका!"

मी तेव्हा नानांकडे चहाला गेले होते. नानांनी शांतपणे आवाजी निरोप टाकला. "मंडळी, तो मेलाच नव्हता. शेवटी दोन घंटा आहेत. मी ऐकल्या आहेत." झालं. फोन टुण टुण वाजायला लागला आणि ती आतली बाई लोकांनी टाकलेली चित्रंही शब्दांत वाचायला लागली. "अविनाश. आनंदाश्रूंसह हसणारा चेहरा. आनंदाश्रूंसह हसणारा चेहरा. आनंदाश्रूंसह हसणारा चेहरा." मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. तिच्या त्या सपाट आवाजात ते संपेचना. मी म्हटलं, "बंद करा हो तो फोन!" नाना म्हणाले, "असू द्या. त्यांचं बोलून होऊ द्या." चहा गार झाला, पण शेवटचा चेहरा ऐकेपर्यंत त्यांनी फोन खाली ठेवला नाही. मला त्या हसणाऱ्यांचा संताप आला. आणि खरं सांगते, त्याहून जास्त स्वतःचा.

पुढे कळलं की नव्या भागाआधी तिसरा भाग पुन्हा थिएटरात लागणार, अगदी शेवटच्या फुटापर्यंत अख्खा. नानांनी ग्रुपवर जाहीर केलं, "सगळ्यांनी यायचं. एकच घंटा निघाली तर मी सगळ्यांसमोर चूक कबूल करीन आणि जन्मात हा विषय काढणार नाही. फक्त एक अट. शेवटपर्यंत कोणीही उठायचं नाही." मी त्यांना परोपरीने सांगितलं, "नाना, कशाला पणाला लावता? या वयात हसं होईल." ते म्हणाले, "शोभाताई, डोळे देवाने दिलेच नाहीत. कान दिले. त्यांचा शब्द खोटा ठरला, तर माझ्याकडे राहिलं काय? मला एकदा कळलंच पाहिजे."

रविवारी सकाळचा खेळ. मॉलमधलं थिएटर, आणि आम्ही तीसेक जण. कुणी खाकी शर्ट घातलेला, कुणी हातातला चिमटा टकटक वाजवत आलेला. मी नानांच्या शेजारी बसून पूर्वीसारखं कानात सांगत होते. या खेपेला मागचे कोणी रागावले नाहीत, उलट अविनाश म्हणाला, "काकू, जरा मोठ्याने सांगा, मजा येते." शेवट आला. गाडी धुक्यात गेली. पडदा काळा झाला. कोणी उठलं नाही, कोणी खोकलंसुद्धा नाही. मी नानांचा हात घट्ट धरून ठेवला होता, ओढायला नव्हे. आणि घंटा वाजली. टिंग.

एकच. आम्ही वाट पाहत राहिलो. दिवे लागले.

कोणी हसलं नाही, हे त्या पोरांचं मला आजही कौतुक आहे. अविनाश जवळ येऊन म्हणाला, "जाऊ द्या नाना. आवाज नव्याने बसवलाय ना, त्यात एक घंटा उडाली असेल." मी लगेच री ओढली, "हो हो, तसंच झालं असेल!" नानांनी मान हलवली. "मला खोटी लाईन जोडून देऊ नका. एक होती. कबूल." सगळे निघून गेले. झाडूवाली पोरं आत आली, तरी नाना बसूनच. मी जवळ बसले. त्यांनी विचारलं, "शोभाताई, इथे मागच्या बाजूलाही स्पीकर आहेत का हो?"

"चारी बाजूंना आहेत."

"आणि आपल्या जुन्या टॉकीजला?"

"तिथे कुठले! पडद्यामागे काय होते तेवढेच."

नाना ताठ बसले. "मग त्या दिवशी दुसरी घंटा माझ्या पाठीमागून कशी आली? पहिली पुढून. दुसरी मागून, डावीकडून. मला कधी शंकाच आली नाही. कंडक्टर मागेच उभा असतो ना एसटीत! मला वाटलं, बरोबर आहे, तिथूनच वाजणार." एवढी वर्षं हा माणूस अंधारात एसटीच्या सीटवर बसून सिनेमा ऐकत होता, आणि मी शेजारी असून मला ते कधी सुचलं नाही.

"चला," नाना उठले. "ऐकलं ते खरं शे. आता ती वाजवली कोणी ते शोधायचं."

जुनं टॉकीज पाडून तिथे कधीच इमारत झाली होती. पण नाना ऑपरेटर! जुने नंबर सगळे डोक्यात. त्यांनी टॉकीजच्या कँटीनवाल्याच्या मुलाला गाठलं, त्याने तिकीट खिडकीवरच्या बाईंचा पत्ता दिला, त्यांनी आणखी कोणाचा. एक नंबर बंद निघाला की दुसरा. "सासरे आता नाहीत," असं एका सुनेने सांगितलं, तर तिचंही सगळं दुःख शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी मला फोन आला. "शोभाताई, उद्या विंचूरला जायचंय. डोअरकीपर सापडला." माझे गुडघे दुखत होते. पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

द्वारकेवरून येवल्याची एसटी धरली. विंचूरला दगूबाबा मुलाच्या कांदे साठवायच्या चाळीजवळ खाटेवर बसले होते. टॉकीजचं नाव काढताच म्हातारा खुलला. "आवो, बत्तीस वर्सं दारावर हुतो मी! बाल्कनीच्या खाली, डाव्या अंगाला."

नानांनी एकेक प्रश्न सावकाश विचारला. "दारापाशी घंटा होती का?"

"व्हती ना. बटन दाबायचं. सगळ्या दारवाल्यांना कळावं, उघडा दारं."

"किती वेळा दाबायचात?"

"येकदाच. पिच्चर सपला का टिंग."

"संपल्यावरच?"

दगूबाबा हसले. "दुसऱ्या पिच्चरला सपल्यावर. पन त्या खंडेरावाच्या तिसऱ्या पिच्चरला बायामान्सं रडत आधीच उठायची. लय रेटारेटी. म्हनून पडदा काळा झाला का मी लगीच दाबायचो."

"पडद्यावर त्याच वेळी एक घंटा वाजायची. ऐकली होती तुम्ही?"

"नाय बा. आम्ही कवा ऐकनार? आम्हाला दारं उघडायची घाई."

नाना असे खदखदून हसले की चाळीवरचा कुत्रा भुंकायला लागला. "म्हणजे राँग नंबर! दगूबाबा, तुमची घंटा मी इतकी वर्षं खंडेरावाच्या नावावर जोडत होतो!" दगूबाबांना काही उमगलं नाही, पण तेही हसले आणि आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

परत येताना निफाडच्या अलीकडे नानांचा फोन टुणटुणायला लागला. नव्या भागाची झलक आली होती. ग्रुपवर सगळे वेडे झाले होते. मी माझ्या फोनवर लावली. धुकं, काळा पडदा, आणि मग टिंग टिंग! दोन घंटा. धुक्यातून खंडेराव चालत येतो, केस पांढरे, हातात तोच चिमटा. "सुट्टे आणि खरं, दोन्ही तयार ठेवा!" आणि नानांच्या फोनमधली बाई वाचू लागली. "अविनाश. नाना, माफ करा. तुम्हीच खरे निघालात. त्या दिवशी थिएटरात एक घंटा नक्की उडाली होती. जोडलेले हात. जोडलेले हात. जोडलेले हात." मग दुसऱ्याचे जोडलेले हात. मग तिसऱ्याचे. ज्यांचे ते हसणारे चेहरे होते, तेच सगळे.

मी आनंदाने त्यांच्या हातावर चापट मारली. "घ्या! जिंकलात. आता दगूबाबांची गोष्ट तुमच्या आणि माझ्या पोटात. कोण विचारतंय?" मला मनापासून वाटत होतं की त्यांनी गप्प बसावं. एवढी वर्षं हसं झालेल्या माणसाला देवाने ताट वाढून दिलं होतं, त्याने ते लाथाडू नये, असं वाटत होतं. आणि आत कुठेतरी माझंही फावत होतं. ते जिंकले की माझी साक्ष आपोआप विसरली जाणार होती.

नानांनी शेवटचे जोडलेले हात ऐकून घेतले. मग म्हणाले, "शोभाताई, ते जो नंबर फिरवतायत तो चुकीचा लागलाय. मी उचलून 'हो, मीच बोलतोय' म्हणू?"

"अहो, पण खंडेराव जिवंतच निघाला ना!"

"निघाला असेल. त्यांनी आता ठरवलं म्हणून निघाला. मी म्हणत होतो ते तेव्हाचं." आणि त्यांनी फोन तोंडापाशी धरला. गाडीत कोंबड्या होत्या, एक बाळ रडत होतं, कंडक्टर पुढच्या थांब्याचं नाव ओरडत होता, तशा गोंगाटात त्यांनी निरोप टाकला. "मंडळी, देवरे बोलतोय. तिसऱ्या भागाच्या शेवटी घंटा एकच होती. दुसरी टॉकीजच्या दाराची. वाजवणारे दगूबाबा विंचूरला आहेत, आत्ताच भेटून आलो. मी ऐकलं बरोबर, जोडलं चुकीचं. माफीचे हात मी ठेवून घेणार नाही, परत करतो."

फोन गप्प झाला. निफाड गेलं, तरी गप्प. मी माझा फोन काढला. मला टाईप करायला वेळ लागतो, त्यात गाडी हलत होती. मी लिहिलं, "मी त्या दिवशी नानांच्या शेजारी होते. मला घंटा ऐकू आल्या नाहीत असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं असं की मी ऐकतच नव्हते. मला बस गाठायची होती. मी त्यांचा हात ओढत होते. त्यांना भास झाला असं म्हणायचा मला काहीही अधिकार नव्हता. शोभा."

नानांच्या फोनमधल्या बाईने ते त्यांना माझ्या देखत वाचून दाखवलं. सपाट आवाजात, एक शब्द न गाळता. मी खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव बघत राहिले. नानांनी चाचपून माझा हात शोधला, थोपटला आणि म्हणाले, "बस मिळाली होती का हो त्या दिवशी?"

"नाही," मी म्हटलं. "चुकली होती."

तेव्हा आम्ही दोघं असे हसलो की कंडक्टरने वळून पाहिलं. द्वारका येईपर्यंत ग्रुपवर अविनाशचा निरोप आला होता. "म्हणजे नाना, सगळ्या महाराष्ट्रात खंडेराव मेला, फक्त आमच्या नाशकात जगला!" त्यानंतर कोण कोण काय काय बोललं ते फोनमधल्या बाईला वाचून संपेना. पुढच्याच रविवारी पोरं गाडी करून दगूबाबांना भेटून आली.

चौथा भाग येत्या शुक्रवारी लागतोय. काल संध्याकाळी नानांचा फोन आला. तिकिटं काढली आहेत, दगूबाबांचंही काढलंय, त्यांना आणायची जबाबदारी अविनाशची. "शेवटपर्यंत बसायचं," नाना म्हणाले. मी म्हटलं, "बसायचं. आता कुठली बस गाठायचीय मला?" इकडचं तिकडचं बोलणं झालं. "बरं, ठेवते हो," मी म्हटलं, आणि ठेवला नाही. पलीकडे नाना होतेच. त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता, खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं.

"शोभाताई," थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुम्ही अजून आहात?"

"आहे," मी म्हटलं. "बोला."